बरोबर आहे तुझं, दादा

उपाहारासाठी खेळ थांबला की दोन मिनिटांत चष्म्याच्या दुकानातला फोन वाजायचा. मालक तो उचलायचेसुद्धा नाहीत. आतल्या खोलीकडे तोंड करून नुसतं म्हणायचे, "काका, तुमचा." मग चष्मेकाका हात पुसत बाहेर यायचे आणि फोन कानाला लावायचे. पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम तोफच सुटायची. "काय म्हणतोस, टुक्या? बघितलीस तुझी गोगलगाय? दोन तासांत अठरा धावा!"

फोन थोरल्या भावाचा, दादाचा. दादाची सगळी नोकरी छापखान्यात गेली. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. काका फोन कानापासून वीतभर लांब धरायचे, त्यामुळे चष्मा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही दादाचं मत फुकटात कळायचं. चहापानाला पुन्हा फोन. कसोटीचे पाचही दिवस, दिवसातून दोनदा, आणि असं अडतीस वर्षं. मोबाइल आले तरी दादाने दुकानाचाच नंबर धरून ठेवला. त्याचं म्हणणं, मोबाइलवर भांडण्यात राम नाही, रागाने आपटता येत नाही.

यंदाची मालिका पाच कसोटींची होती. तीन संपल्या होत्या, चौथी चालू होती, आणि दुकानातला फोन उपाहाराला एकदाही वाजला नव्हता.

पहिली कसोटी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना चालू लागला. पण बोलणं गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं. डोळे पहिल्यासारखेच तिखट होते, टीव्हीवर झेल सुटला की भुवई चढायची, पण तोंडातून शब्द म्हणून येत नव्हता. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी वहिनींना आणि काकांना बाजूला घेऊन बजावलं होतं, "रक्तदाब चढता कामा नये. यांना चिडवू नका, वाद घालू नका. म्हणतील त्याला हो म्हणा."

म्हणतील त्याला! तो म्हणतच नव्हता काही. पण काकांनी सल्ला शब्दशः पाळायचं ठरवलं. ते मुळातच शब्द पाळणारे गृहस्थ.

त्यांना टुक्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं. लहानपणी मैदानावर काका टुकूटुकू खेळायचे. बॅट पुढे, डोकं खाली, चेंडू पायाशी मेलेला. तासभर उभे राहून चार धावा करायचे आणि खूश होऊन घरी यायचे. दादा याच्या बरोबर उलटा. पहिल्या चेंडूपासून दांडपट्टा. तेव्हाच त्याने धाकट्याचं नाव टुक्या ठेवलं. आईने, वडिलांनी, वाडीतल्या पोरांनी ते उचललं. एकेक करून ती माणसं गेली, पांगली. बायको अहो म्हणते, वहिनी भावजी म्हणतात, गल्ली चष्मेकाका म्हणते. टुक्या म्हणायला राहिला दादा, आणि त्याला सहा आठवडे झाले, काहीच म्हणता येत नव्हतं.

काकांचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत असे. खोली कसली, फळी टाकून आडोसा केलेली जागा. तिथे काच घासायचं मशीन, पाण्याची बादली, स्क्रूंच्या डब्या, बारीक पेचकस आणि डोक्यावर एक वाकडा दिवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून भिंग फ्रेमच्या मापाचं घासायचं, कडा मोडायच्या, बसवायचं, काड्या सरळ करायच्या, नाकाच्या गाद्या दाबून बघायच्या. मालक म्हणत, काकांनी बसवलेला चष्मा माणूस विसरून डोळ्यावर ठेवून झोपतो, इतका बेताचा बसतो. मशीनशेजारी छोटा रेडिओ. मशीन चालू असलं की समालोचन ऐकू येत नाही, म्हणून गोलंदाज धावायला लागला की काका मशीन थांबवत आणि चेंडू पडला की पुन्हा सुरू करत. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मशीन बिघडलंय.

मतं मात्र ते मशीन बंद असतानाही देत आणि चालू असतानाही.

"पहिल्या तासात चेंडू सोडता येत नसेल, त्याने कसोटी खेळू नये," ते आडोशामागून सांगत. "बॅटने मारायला सगळेच शिकतात. सोडायला कोण शिकतं?"

"काका, तुमचा जमाना गेला," मालक म्हणत. "आता तीन दिवसांत कसोटी आटोपते."

"आटोपते म्हणूनच सांगतोय. कार्यक्रम आहे का तो आटोपायला? पाच दिवसांचं तिकीट काढून माणूस तिसऱ्या दिवशी घरी. आणि ती खेळपट्टी! पहिल्याच दिवशी धूळ उडते. त्यावर शेंगदाणे पेरले तर उगवतील."

"आणि त्या पंचाचा निर्णय? काल तो पायचीत दिला तो?"

"त्याला आपल्याकडे पाठवा. डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, मी इथूनच सांगतो."

दुकानात हशा व्हायचा. दिवसभर काका असं खरं बोलत. पाहुण्या संघाचा उंच गोलंदाज कुठल्या टोकाकडून यायला हवा, आपला कप्तान रिव्ह्यू कसे उधळतो, सलामीचा डावखुरा चांगला असूनही ऑफच्या बाहेर बॅट का लांबवतो. प्रत्येक गोष्टीवर मत, आणि ते काचेसारखं घासूनपुसून घेतलेलं. मालिका एक-एक अशी बरोबरीत होती. तिसरी कसोटी अनिर्णित राहिली तेव्हा सगळ्या गल्लीचं तोंड वाकडं झालं होतं. काकांना मात्र तीच सगळ्यांत आवडली होती. शेवटची जोडी एकोणीस षटकं टिकली होती.

संध्याकाळी सात वाजता दुकान बंद झालं की खोटं बोलायला सुरुवात व्हायची.

दादाचं घर बसने चार थांबे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अठ्ठेचाळीस पायऱ्या. काकांनी मोजलेल्या होत्या, कारण हल्ली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघे बसायला सांगत. तिथे कठड्याला टेकून दोन मिनिटं उभं राहायचं, दम खायचा, चेहऱ्यावरचा थकवा उतरवून ठेवायचा आणि मग वर जायचं. बायको रोज सांगे, "अहो, एक दिवस नाही गेलात तर काही आभाळ कोसळत नाही. एकोणसाठ वर्षांचे आहात, एकोणिसाचे नाही." काका म्हणत, "उद्या बघू." कसोटी चालू असताना उद्या कधी येत नसे.

दादा टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेला असायचा. मांडीवर लुळा हात, त्याच्याखाली उशी. दिवसाच्या खेळाची झलक साडेसातला लागायची. वहिनी शेजारी मोड्यावर. दादाची नजर तांब्याकडे वळायच्या आत त्या पाणी पुढे करत. पाय हलला की चादर नीट करत. संसाराची चाळीस वर्षं त्या माणसाचं तोंड बंद होईल तर बरं, असं त्या गमतीने म्हणत आल्या होत्या, आणि आता ती गंमत त्यांना आठवतही नव्हती.

काका खुर्ची ओढून बसत आणि सुरू करत.

"आज कप्तानाने काय फटके मारले, दादा! तू म्हणतोस तेच खरं. चेंडू अंगावर यायच्या आधी आपण अंगावर जायचं."

दादा टीव्हीकडे बघत राही.

"तो डावखुरा फारच हळू खेळला. सत्तर चेंडूंत अकरा. असल्यांना घरी बसवलं पाहिजे. बरोबर आहे तुझं, दादा."

डावखुऱ्याची ती अकरा धावांची खेळी काकांना दिवसभर पुरली होती. उपाहाराआधी उंच गोलंदाजाने टाकलेली सहा षटकं तो कसा जगला, हे ते मनात घोळवत बसमध्ये उभे राहून आले होते. आणि इथे त्यालाच घरी बसवत होते. जिभेवर खडा ठेवल्यासारखं वाटायचं. पण डॉक्टर म्हणाले होते.

पहिल्या कसोटीच्या वेळी दादा निदान मान वळवून बघायचा, जरा चमकल्यासारखा. दुसऱ्या कसोटीत तो "बरोबर आहे तुझं" ऐकलं की डोळे मिटून घेऊ लागला. तिसरीत तर काका आले की तोंड भिंतीकडे करायचा. वहिनींना वाटे, थकतो बिचारा. काकांनाही तसंच वाटे, आणि म्हणून ते आणखी गोड बोलत.

बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. हातात चित्रांच्या पाट्या, आवाज शांत. कप, कंगवा, कुलूप दाखवत, ओठांचे आकार करून दाखवत. दहा बैठका ठरल्या होत्या. आठवी झाली तेव्हा त्यांनी जिन्यात काकांना गाठलं.

"तुमच्या भावाचा आवाज शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "मी ऐकलाय. मी पाटी पाडली तेव्हा त्यांच्या तोंडून आपोआप काहीतरी निघालं. पण ते प्रयत्न करत नाहीत. कप दाखवला तर माझ्याकडे असं बघतात, जणू मीच खुळी आहे."

"तो लहानपणापासून असाच बघतो."

बाई हसल्या नाहीत. "काका, पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे परत येतं ते येतं. मग अवघड होत जातं. अजून दोन बैठका आहेत. त्यांत एक शब्दही त्यांनी स्वतःहून काढला नाही, तर मला ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. रांग आहे. घरी तुम्ही बोलता ना त्यांच्याशी?"

"रोज. तासभर."

"तुम्ही बोलता. त्यांना बोलायची गरज पडते का कधी?"

काकांना वाटलं, हे वहिनींना सांगायला हवं. पाणी मागायच्या आत देऊ नका म्हणावं. स्वतःबद्दल काही सुचलं नाही. उरलेल्या पायऱ्या चढताना त्यांच्या डोक्यात एकच आकडा होता. दोन. कसोटीत शेवटचे दोन गडी हातात असताना माणूस काय करतो? टिकून राहतो. आपणही टिकून राहायचं. रोज यायचं. एवढंच आपल्याला येतं.

नववी बैठकही तशीच गेली. कप, कंगवा, कुलूप आणि दादाची ती नजर.

चौथ्या कसोटीचा चौथा दिवस उजाडला तो काकांना दुकानात पोचायच्या आधीच दमवून गेला. बस भरलेली, रात्री झोप नाही. सकाळी अकराला एक बाई दुकानात आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, दोन दिवसांपूर्वीच चष्मा नेलेला. त्यांनी तो काउंटरवर ठेवला आणि अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "तीन पिढ्या तुमच्याकडून चष्मे नेतोय आम्ही. पण हा घातला की पायऱ्या तिरक्या दिसतात. काल पडता पडता वाचले."

मालकांनी चष्मा आत आणून दिला. काकांनी तो यंत्राखाली धरला. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली होती आणि डाव्याची उजवीकडे. अडतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. नवशिकासुद्धा काचेवर खूण करून मग हात लावतो. त्यांनी तर दोन्हींवर खूण केली होती, स्वतःच्या हाताने, आणि तरी उलट्या बसवल्या होत्या.

मालक चिडले नाहीत. तेच काकांना लागलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "काका, आज लवकर जाता का?"

"नाही. हे नवं घासून देतो आधी."

दुपारभर मशीन चालू राहिलं. रेडिओकडे लक्ष होतं आणि नव्हतं. आपल्याला जिंकायला दोनशे एक्केचाळीस हवे होते, दिवसाचा शेवटचा अर्धा तास राहिला होता. सलामीचा डावखुरा नेमका तेव्हा बाद झाला. एक बाद एकतीस. दिवस संपायला सहा षटकं. आणि मग तिसऱ्या क्रमांकाच्या भरवशाच्या फलंदाजाऐवजी कप्तानाने आपल्या वेगवान गोलंदाजाला बॅट देऊन पाठवलं. नाइट वॉचमन म्हणून. संध्याकाळच्या पडत्या उजेडात चांगला फलंदाज जायला नको, म्हणून खालच्या माणसाने पुढे होऊन तेवढा वेळ अंगावर घ्यायचा, सकाळी खरा खेळाडू येईल.

काकांनी मशीन बंद केलं आणि रेडिओ उचलून कानाला लावला.

गोलंदाज आठ चेंडू टिकला. नवव्याला त्रिफळा. मग तिसऱ्या क्रमांकाच्या त्या फलंदाजाला यावंच लागलं, आणि शेवटच्या षटकात तोही यष्टीमागे झेल देऊन परतला. तीन बाद छत्तीस. समालोचकांनी कप्तानाची सालटी काढायला सुरुवात केली. भित्रेपणा, एक म्हणाला. एकाच्या जागी दोन घालवले, दुसरा म्हणाला.

"काय हो काका," मालकांनी बाहेरून विचारलं, "हे बरोबर की चूक?"

काकांनी उत्तर दिलं नाही. मालक उठून आत डोकावले, कारण असं कधी झालं नव्हतं.

नाइट वॉचमन या विषयावर दोघा भावांत एक्केचाळीस वर्षं भांडण होतं. मूळ गोष्ट अगदी लहान. दोन वाड्यांचा सामना, दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी उजेड जात आलेला, पंधरा मिनिटं उरलेली, तिसरा गडी बाद झालेला. पुढचा नंबर दादाचा. तो चोवीस वर्षांचा, कप्तान, त्याच्यावरच सगळी भिस्त. अकराव्या नंबरचा टुक्या पॅड बांधून पुढे आला आणि म्हणाला, "दादा, मी जातो. पंधरा मिनिटं काढतो मी. तू सकाळी ये." दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. "माझ्या बॅटला राखणदार लागत नाही," म्हणाला आणि गेला. दुसऱ्याच चेंडूला मधली यष्टी उखडून पार यष्टीरक्षकाच्या पायाशी. दुसऱ्या दिवशी सामना चौदा धावांनी हरले.

तेव्हापासून जगात कुठेही, कुठल्याही संघाने नाइट वॉचमन पाठवला की त्या दिवशीचा फोन लांबायचा. वहिनी लग्न होऊन घरात आल्या, त्या आठवड्यातच दोघांनी त्यांना मध्ये बसवून निवाडा मागितला होता. त्यांनी विचारलं, "यष्टी म्हणजे कुठली?" खटला तहकूब झाला तो अजून तसाच.

संध्याकाळी काका दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं बसले. कठड्याला टेकून नाही, सरळ पायरीवर. काय बोलायचं ते त्यांना माहीत होतं. "भित्रेपणा केला कप्तानाने. बरोबर आहे तुझं, दादा." जेमतेम सात शब्द. आणि उद्या दहावी बैठक. ती शेवटची.

वर दार उघडंच होतं. वहिनी पिशवी घेऊन निघाल्या होत्या. "बरं झालं आलात, भावजी. औषध संपलंय, कोपऱ्यावरून घेऊन येते. पंधरा मिनिटं बसा तेवढी."

"बसतो," काका म्हणाले.

टीव्हीवर झलक चालू होती. गोलंदाज बॅट घेऊन येताना दाखवत होते, सावल्या लांब पडलेल्या. काका खुर्चीत बसले. पाठ टेकली आणि वाटलं, पुन्हा उठता येणार नाही. दादाने त्यांच्याकडे एकवार बघून तोंड भिंतीकडे वळवलं. आता तो वाक्याची वाट बघत होता. काकाही त्या वाक्याची वाट बघत होते. ते काही येईना.

त्रिफळा उडाला. पडद्यावर यष्टी हळूहळू, पुन्हा पुन्हा उडत राहिली.

"निर्णय बरोबर होता," काका म्हणाले.

दादाची मान हलली नाही.

"दादा, मी फार दमलोय. आज मी एका बाईंच्या चष्म्याच्या काचा उलट्या बसवल्या. मला आता खोटं बोलवत नाही. निर्णय बरोबरच होता. तो बाद झाला ते नशीब. संध्याकाळी चांगल्या बॅट्समनला पाठवायचं नसतं. शेंबड्या पोराला कळतं ते. डावखुराही बरोबर खेळला परवा. सत्तर चेंडूंत अकरा! तुझ्या सात जन्मांत जमणार नाही तुला. आणि..." आवाज चढला होता, त्यांना स्वतःलाच तो परका वाटत होता, "आणि त्या दिवशीही तू मला पाठवायला हवं होतंस. मी पॅड बांधून उभा होतो. तू बघितलंसुद्धा नाहीस. मी काढली असती पंधरा मिनिटं. एक्केचाळीस वर्षं सांगतोय!"

दादा वळला. नुसती मान नाही, सगळा माणूस खुर्चीत वळला. उशी खाली पडली. चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली, डावा हात खुर्चीच्या दांडीवर आपटला. रक्तदाब! डॉक्टर! हे काय करून बसलो?

"दादा, राहू दे. चुकलो मी. बरोबर आहे..."

"ना," दादाच्या घशातून आवाज आला. आवाज कसला, दार घासल्यासारखी घरघर. "ना... ना..."

"हो, हो, शांत हो..."

"ट्... टु..." डावा हात पुन्हा आपटला. ओठ एका बाजूला ओढले जात होते, दुसरी बाजू ऐकत नव्हती. "टुक्या."

उशी उचलायला वाकलेले काका तसेच वर बघू लागले.

"तू..." दादाने श्वास घेतला. एकेक शब्द तो विहिरीतून बादली ओढल्यासारखा वर आणत होता. "तू... पहिल्याच... चेंडूला."

"पहिल्याच चेंडूला काय?"

दादाने डावा हात वर नेला आणि पंच दाखवतात तसं एक बोट उभं केलं.

काका उठले. मगाशी उठता येणार नाही वाटलं होतं, ते उठले. "मी? पहिल्याच चेंडूला बाद? मी? अरे, तू दुसऱ्याला झालास, तोंड वर करून मला सांगतोस?"

"पहिल्याच!" दादा म्हणाला. या वेळी तो शब्द अख्खा बाहेर पडला, कडेची धूळ झटकून.

औषधाची पुडी हातात घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. "भावजी, खाली चौकापर्यंत आवाज येतोय तुमचा! डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुम्हाला? आजारी माणसावर कुणी..." आणि मग त्यांना कळलं की दुसरा आवाज कुणाचा होता. पुडी त्या टीव्हीवर ठेवायला गेल्या, ती खाली पडली. त्या तशाच मोड्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

यंत्राने रक्तदाब मोजला. थोडा चढला होता. फार नव्हता. अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, उतरला होता. दादा मऊ भाताचे चार घास खाऊन दमून डोळे मिटून पडला. बोलला नाही आणखी काही, पण तोंड भिंतीकडे नव्हतं.

"उद्या बाईंना सांगायला हवं," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "कप-कंगवा नको म्हणावं. यष्टी आणा म्हणावं."

"कुठली यष्टी ते कळलं का तुम्हाला आता?"

"मधली," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकतेय." डोळे पुसता पुसता त्या हसल्या. मग एकदम त्यांनी विचारलं, "पण भावजी, कसोटी उद्या संपणार. पुढची आठ दिवसांनी. मधले दिवस काय भांडणार तुम्ही?"

हे काकांच्याही डोक्यात आलंच होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे उद्याचा दिवस उभा राहिला. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी चष्मा स्वतः नेऊन द्यायचा, मग दुकान, मग बस, मग या पायऱ्या. त्यात आता रोज घरून एक भांडण तयार करून आणायचं. खोटं नाही चालणार, खरंच हवं. दादाला खोटं लगेच कळतं. सहा आठवडे कळत होतं.

"बघतो," ते म्हणाले. "जुन्या मालिका काढतो. निवड समितीवर तर महिना निघेल."

ते दार ओढून निघाले. एका पायरीवर एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, असे कठडा धरून उतरू लागले. गुडघे सकाळइतकेच दुखत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते सवयीने थांबले, टेकले. जिन्यात शांतता होती. आणि त्या शांततेत वरून, बंद दाराआडून, ती घरघर पुन्हा ऐकू आली. दादा झोपला नव्हता. तो आपला मुद्दा संपवत होता.

"पहिल्याच... पहिल्याच..."

"हो हो," वहिनींचा आवाज आला, लहान मुलाला थोपटावं तसा. "पहिल्याच. बरोबर आहे तुमचं."

काकांनी कठडा घट्ट धरला, मान वर केली आणि उरल्यासुरल्या दमाने ओरडले,

"वहिनी, हो म्हणू नका!"